गिटारीच्या बरगडीतले भोक

फेस्ताच्या दिवशी चर्चमधल्या क्वायरकडे किंवा चवथीच्या दिवसांतल्या एखाद्या वाद्यवृंदाकडे जरा लक्ष देऊन पाहा. गिटार वाजवणाऱ्या मुलाच्या हातात असते ती साधी पोकळ, लाकडी गिटार. पण तिच्या वरच्या कडेला, वाजवणाऱ्याने मान खाली घातली की दिसेल अशा जागी, एक काळी चौकोनी पट्टी बसवलेली असते. तिच्यावर तीन-चार सरकत्या कळा, एक इवलासा लाल दिवा आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीचे झाकण. ही पट्टी म्हणजे प्रीअँप. कारखान्यातून येणाऱ्या गिटारींत ती आधीच बसवलेली असते. जुन्या गिटारीत बसवायची म्हटली की कड कापावी लागते. ही कड म्हणजे गिटारीची बरगडीच. दोन-अडीच मिलिमीटर जाडीचे, ऊब देऊन वाकवलेले लाकूड. त्यात पत्त्याच्या पानाएवढे भोक पाडायचे. एकदा पाडले की पाडले.

गोव्यात हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सासष्टीत, बारदेशात किती घरांत जुन्या गिटारी भिंतीला टांगलेल्या किंवा कपाटावर ठेवलेल्या आहेत! घरातला कोणी मुंबईला, कोणी आफ्रिकेत, कोणी बोटीवर वाजवायला गेला आणि येताना वाद्य घेऊन आला. आता नातवाला ते वाजवायचे आहे, आणि वाजवायचे म्हणजे स्पीकरमधून. ज्या वाद्याची सगळी कारागिरी लाकडाचा आवाज बाहेर काढण्यासाठी खर्ची पडली, त्यालाच कापून आत वीज का सोडावी लागली, याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. आणि त्यात आपली माणसेही ठिकठिकाणी भेटतात.

मूळ दुखणे आवाजाचे. गिटार हे बैठकीचे वाद्य. चार माणसे जवळ बसली आहेत, एकजण मांडो म्हणतो आहे, व्हायोलिन आहे, घुमट आहे, तिथे गिटारीचा आवाज पुरतो. नाचाच्या बँडमध्ये कर्णा आणि सॅक्सोफोन आले की तिची दातखीळ बसते. १९२० च्या दशकात अमेरिकेत नेमके हेच झाले. त्यातून जी धडपड सुरू झाली ती मात्र आपल्याला वाटते तशी जाझवाल्यांनी केली नाही. ती केली हवाईयन गिटार वाजवणाऱ्यांनी.

हवाई बेटांवर गिटार एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन गुराख्यांबरोबर पोचली होती. १८७९ साली मदैरा बेटावरून पोर्तुगीज मजुरांना घेऊन 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज होनोलुलूला लागले. त्यात सुतारकाम जाणणारे काही लोक होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे छोटे चार तारांचे वाद्य होते. त्याचेच पुढे उकुलेले झाले. म्हणजे ज्या पोर्तुगिजांनी आपल्याकडे पॅरिश शाळांतून सोल्फा शिकवला, त्यांच्याच एका बेटावरचे सुतार तिकडे हवाईत वाद्ये घडवत बसले होते. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि बोटांनी तार दाबण्याऐवजी तिच्यावरून लोखंडाचा तुकडा सरकवायचा, ही तिथली रीत. तिचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकूला दिले जाते. गाब्रिएल डाव्हियन नावाच्या, मूळच्या हिंदुस्थानातल्या एका माणसाचेही नाव तिथल्या जुन्या आठवणींत येते. आपल्याकडे विचित्रवीणा आणि गोट्टुवाद्यम यांची परंपरा असल्याने पुष्कळांना यात एक सुंदर धागा दिसतो. मला विचाराल तर त्या धाग्यावर फार वजन टाकू नये, तो तुटेल.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईयन संगीताचे वेडच लागले. जॉर्ज बोशँप हा असाच एक हवाईयन गिटार वाजवणारा. आवाज वाढवण्यासाठी त्याने आधी धातूच्या तबकड्यांच्या गिटारी करून पाहिल्या, मग चुंबकाकडे वळला. १९३१ च्या सुमारास अॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या साथीने त्याने जी गिटार केली, ती ओतीव अॅल्युमिनियमची होती. गोल पोट आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. आपण काहिल म्हणू. तारांच्या भोवती नालासारखे दोन चुंबक आणि खाली बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज उमटते. १९३७ साली पेटंट मिळाले. मंचावरच्या दिव्यांनी ती काहिल तापायची आणि सूर उतरायचा, हा भाग वेगळा.

या पिकअपला लाकूड ऐकूच येत नाही. तो फक्त तार ऐकतो. म्हणूनच पुढे भरीव, ठोकळ्यासारखी इलेक्ट्रिक गिटार होऊ शकली. पण ज्यांना पोकळ गिटारीचाच आवाज हवा होता त्यांचे काय? त्यांच्यासाठी १९३० च्या दशकाच्या अखेरीस डीआर्मंडचे वरून अडकवायचे पिकअप आले. वाद्याला भोक नाही, नको असेल तर काढून ठेवा. १९५४ साली गिब्सनने जे-१६०ई नावाची लाकडी गिटार काढली, तिच्या मानेच्या टोकाशी चुंबकी पिकअप बसवलेला होता. आवाज परत आत शिरून ती हुंकार देऊ नये म्हणून तिची तबली मुद्दाम जाड केली होती. हा हुंकार म्हणजे फीडबॅक. बघा, इथूनच तडजोडीला सुरुवात झाली. स्पीकरमधून नीट वाजावी म्हणून मूळ वाद्य थोडे मुके करायचे! बीटल्सच्या लेनन आणि हॅरिसन यांनी १९६२ साली हीच गिटार घेतली, आणि १९६४ च्या एका गाण्याच्या सुरुवातीला लेननने तो हुंकार मुद्दाम वापरला. ज्याला सगळे दोष म्हणत होते तो असा रेकॉर्डवर कायमचा बसला.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानातही वीज गिटारीत शिरली ती हवाईयन वाटेनेच. १९४० च्या दशकात टाऊ मो हा सामोअन-हवाईयन वादक कोलकात्यात राहिला आणि त्याने पुष्कळांना शिकवले. बंगालमध्ये मांडीवरची गिटार घरोघरी गेली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारीवर चित्रपटगीते वाजवून रेकॉर्डी काढल्या. त्या रेकॉर्डी आमच्या पिढीने लग्नमंडपात ऐकल्या आहेत. जेवणाची पंगत आणि हवाईयन गिटार हे समीकरणच होते.

शास्त्रीय संगीतात ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आणली. जन्म जोधपूरचा, १९३७ चा, आणि गुरू अली अकबर खाँ. त्यांनी ठोकळ्याची इलेक्ट्रिक गिटार न घेता गिब्सनची फुगीर तबलीची पोकळ गिटार घेतली, तारा उचलून घेतल्या, सुराची तार जोडली आणि तिच्यावर आलाप-जोड वाजवला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर तेच आहेत. ती रेकॉर्ड घरात असलेल्यांपैकी कितीजणांना तिसऱ्या वादकाचे नाव आठवते कोण जाणे. काबरा २०१८ साली गेले. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी मिळाले. दक्षिणेत यू. श्रीनिवास नावाच्या पोराने पाच तारांच्या इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवले, तेव्हा आधी नाके मुरडली गेली आणि नंतर माना डोलल्या.

या सगळ्यात आमचे गोमंतकीय कुठे होते? ते होते स्टुडिओत, नोटेशनच्या कागदासमोर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसोझा, हळदोण्याचे चिक चॉकलेट, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ही अरेंजर आणि बँडवाल्यांची नावे आता कुठे लोकांना ठाऊक झाली आहेत. ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांच्या पुस्तकांमुळे बरेच काही छापून आले, नाहीतर पडद्यावरच्या श्रेयनामावलीत यांना कोण विचारत होते? त्या काळच्या ध्वनिमुद्रणात पुष्कळदा सगळा वाद्यवृंद एकाच खोलीत बसे आणि माईक मोजके असत. कोणाचा आवाज किती यायचा ते वादक माईकपासून किती अंतरावर बसतो यावर ठरे. गिटारवाला जवळ, तुतारीवाले मागच्या भिंतीशी. म्हणजे खुर्ची हीच व्हॉल्यूमची कळ. लाकडी गिटारीला तिथे पिकअप नको होता, तिला जागा हवी होती. ती जागा देणारा माणूस रेकॉर्डिस्ट किंवा अरेंजर असे, वादक नव्हे. पुढे गिटारीच्या पोटात प्रीअँप आला तेव्हा पहिल्यांदा ती कळ वादकाच्या अंगठ्याखाली आली. मला हा बदल फार मोठा वाटतो.

आणि हा बदल ज्या वस्तूने घडवला ती चुंबक नव्हे. १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्यूरी या भावांना दिसले की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार उमटतो. क्वार्ट्झ, टूर्मलीन आणि रोशेल मीठ ही त्यातली नावे. हा पीझो परिणाम. ग्रामोफोनच्या पिनेमागे पुढे याच रोशेल मिठाचे स्फटिक बसवले गेले. त्याला दमट हवा सोसत नसे. पावसाळ्यात रेकॉर्ड-प्लेअरचा आवाज का बसतो हे कोड्यात टाकणारे प्रकरण जुन्या घरांत अनेकांनी अनुभवले असेल. नंतर चिनी मातीसारखे भाजलेले कृत्रिम पदार्थ आले, ते दमाला दाद देत नाहीत.

गिटारीत पीझो व्यवस्थित बसवण्याचे काम ज्या कंपनीने केले तिचा मालक हेलिकॉप्टर बनवणारा होता हे वाचून मला पहिल्यांदा हसू आले. चार्ल्स कामान, स्वतः गिटार वाजवणारा. हेलिकॉप्टरच्या पात्यांची थरथर कशी मारायची हे त्याच्या इंजिनिअरांना ठाऊक होते. १९६६ साली त्याने 'ओव्हेशन' ही कंपनी काढली, गिटारीची पाठ कृत्रिम पदार्थाची आणि वाटीसारखी गोल केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या घोडीत, तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली, पीझो बसवला आणि आत प्रीअँप. मग जपानच्या ताकामिनेने केले. १९८१ साली लॅरी फिशमन या बास वाजवणाऱ्याने आपल्या उभ्या बासला चांगला पिकअप मिळेना म्हणून स्वतःच कंपनी काढली. १९८९ साली 'एमटीव्ही अनप्लग्ड' सुरू झाले तेव्हा तिथल्या अनेक लाकडी गिटारींतून वायर निघालेलीच असे. नाव मात्र अनप्लग्ड!

आता थोडे यंत्राच्या आत डोकावू. मी कला शाखेचा, पण हे गणित कळले तेव्हा मजा आली. पीझो पट्टी ही विजेच्या भाषेत एक छोटासा कपॅसिटर आहे. समजा ती ५०० पिकोफॅरड आहे. ती ज्या यंत्राला जोडली त्याचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अटकाव, एक मेगओहम असेल तर साधारण ३२० हर्ट्झच्या खालचे सूर उतरत जातात. गिटारीची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. म्हणजे खर्ज जातो. तोच अटकाव दहा मेगओहम केला की मर्यादा ३२ हर्ट्झवर येते आणि सगळा खर्ज परत मिळतो. आणि गिटार थेट मिक्सरच्या दहा हजार ओहमच्या तोंडात खुपसली तर? खर्ज, मध्य सगळे संपते, उरतो तो पत्र्याच्या डब्यावर खडे पडल्यासारखा आवाज. कितीतरी फेस्तांत आणि नाटकांत आपण हाच आवाज 'गिटारीचा आवाज' म्हणून ऐकत आलो आहोत. त्यात वादकाचा दोष नाही आणि लाकडाचाही नाही.

लांब केबलमध्येही हा दुबळा सिग्नल विरून जातो. म्हणून प्रीअँप स्रोताच्या जितका जवळ तितका बरा, म्हणजे गिटारीच्या पोटातच. भोकामागचे कारण हे. बॅटरीचे एक टोक केबलच्या जॅकमधून फिरवलेले असते. प्लग खुपसला की प्रीअँप चालू, काढला की बंद. रात्रभर प्लग तसाच राहिला की सकाळच्या मिसाला बॅटरी मेलेली, हे क्वायरमधल्या प्रत्येक गिटारवाल्याला पाठ असते.

सुधारणा करणारे कारागीर मग काय करतात? चांगला कारागीर सोल्डरिंग आयर्न शेवटी उचलतो. आधी घोडीवरची हाडाची पट्टी काढून तिच्याखालची खाच सपाट आहे का पाहतो, कारण पट्टी एका बाजूला उचललेली असेल तर दोन तारा ओरडतात आणि एक तार गप्प बसते. मग बॅटरीची टोके बघतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तांब्या-पितळेवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतोच. त्यानंतर गुणगुण थांबवायला तांब्याच्या पातळ पत्र्याचे आवरण, आणि मगच प्रीअँपच्या पहिल्या पायरीवरचा रोधक बदलणे किंवा तिथे नवा एफईटी ट्रान्झिस्टर बसवणे. स्वस्त गिटारीत नुसता तो रोधक वाढवला तरी खर्ज परत येऊ शकतो. काहीजण सगळा मूळ प्रीअँप काढून त्याच भोकात दुसरा बसवतात. भोक आहेच, तर ते वापरावे.

माझ्या ओळखीच्या एका घरात यावरून दोन भावांत बरेच दिवस अबोला होता. आजोबा मुंबईला हॉटेलांत वाजवायचे, त्यांची गिटार घरी होती. धाकट्याला ती क्वायरमध्ये न्यायची होती, त्याने एक प्रीअँपही आणून ठेवला होता. थोरला म्हणे, कापायला देणार नाही. धाकट्याचे म्हणणे, कपाटावर वाळवी लागण्यापेक्षा वाजलेली बरी. दोघांचेही खरे होते, म्हणूनच तोडगा निघेना. शेवटी म्हापशातल्या एका कारागिराने वाद्य हातात घेऊन, ठोकून, आत आरसा घालून पाहिले आणि सांगितले की कड कापायची गरजच नाही. त्याने घोडीच्या बरोबर खाली, तबलीच्या आतल्या अंगाला रुपयाएवढ्या तीन पीझो चकत्या चिकटवल्या. पट्टा अडकवण्याची बुडाची खुंटी काढून तिचे भोक बारा मिलिमीटरपर्यंत मोठे केले आणि तिथे जॅक बसवला. प्रीअँप बाहेर, कमरेच्या पट्ट्याला लावायच्या डबीत.

पट्टीखालचा पीझो तारांचा दाब ऐकतो, चकत्या तबलीची थरथर ऐकतात. त्यामुळे आवाज अधिक लाकडी येतो. पण फीडबॅक लवकर होतो. तो होऊ नये म्हणून गिटारीच्या तोंडात रबरी बूच घालावे लागते आणि प्रीअँपवर शंभर हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा कापावा लागतो, कारण गिटारीच्या पोटातली हवा साधारण तिथेच घुमते. धाकटा अजून कुरकुरतो की कळा हाताशी नाहीत. थोरला नाताळच्या मिसाला पुढच्या बाकावर बसला होता एवढे मी पाहिले.

हा प्रश्न फक्त गिटारीचा नाही. मिरजेला शिकलगार घराण्याने एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम सोडून तंबोरे घडवायला घेतले, पंढरपूरकडच्या भोपळ्यांचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण आज कित्येक गायकांच्या शेजारी तंबोऱ्याबरोबर किंवा त्याच्या जागी वाजते ती इलेक्ट्रॉनिक पेटी, नाहीतर मोबाइल. तंबोरा न कापताच बाजूला सरकवला गेला. मडगावच्या दिंडीच्या बैठकींत खरे तंबोरे दिसले की मला अजून बरे वाटते.

१९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला राहायला गेले. तंबोरा लावण्याबद्दलचा त्यांचा काटेकोरपणा सर्वांना माहीत आहे. तंबोरा लागत नाही तोवर गाणे नाही. माळव्यातल्या त्या मुक्कामात त्यांच्या कानावर निर्गुणी भजने पडली. त्या भजनांतला तंबोरा मात्र वेगळा. पाच तारांचा, खांद्याशी धरलेला, नुसता सूर धरणारा नव्हे तर तालात छेडला जाणारा. देवासपासून दक्षिणेला बागली, उदयनगरच्या बाजूला विंध्य उतरत नर्मदेकडे येतो, आणि या सगळ्या मुलखात कबीर गाणाऱ्या मंडळ्या आहेत. रात्रभर उघड्यावर गाणे, समोर शेकडो माणसे, ढोलक, मंजिरा, पेटी आणि कर्णे. तिथे तंबोऱ्याचा आवाज पोचवायचा तर गायकाच्या तोंडासमोरच्या माईककडे वाद्य झुकवावे लागते, किंवा तबलीवर तशीच एक पीझो चकती चिकटवावी लागते. तिला भोक लागत नाही. सकाळी भजन संपले की नखाने काढून खिशात टाकता येते.